रतनकाकीचं बाहेर बसणं

माझा स्वभाव संशयी, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दूध उतू गेलं तरी माझ्या मनात येतं, जाळ कुणी वाढवला. शेजारीण हसून बोलली की मी घरी येऊन विचार करत बसते, आज ही एवढी गोड का. माझ्या आईला हे ठाऊक होतं. लग्नात पाठवणीच्या वेळी ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बने, सासरी डोळं उघडं ठेव, पर त्वांड बंद ठेव." मी डोळे उघडे ठेवले. तोंडाचं जमलं नाही, आणि त्यापायी रतनकाकीवर काय वेळ आली ते मला लिहून काढायचं आहे.

मी खर्ड्याला नांदायला आले ती लढाईच्या दिवसांत, त्रेचाळीस साली. वय सोळा, शिक्षण मराठी चौथी. नवरा, आसाराम, लग्नानंतर दोन महिन्यांतच नगरला लष्कराच्या गोदामात कामाला लागला, आणि घरात आम्ही चौघं उरलो. मामंजी, म्हणजे माझे सासरे काकासाहेब. आत्याबाई, म्हणजे सासू छबूबाई. रतनकाकी, म्हणजे मामंजींच्या वारलेल्या धाकट्या भावाची बायको. आणि मी.

रतनकाकी तेव्हा पंचेचाळिशीची असेल. उंच, हाडापेराने मोठी, पावलं लांब टाकणारी. नवरा तापाने जाऊन पाच वर्षं झाली होती. एक मुलगी झाली होती, ती दोन वर्षांची होऊन गेली. माहेर सोनईचं, तिथे एक भाऊ. ती माणसांशी मोजकं बोलायची आणि बैलांशी भरपूर. आमच्या गल्लीत औताला बैल जुंपणारी दुसरी बाई नव्हती. सालगडी आला नाही तर ती कासोटा घट्ट करून स्वतः जुंपायची, आणि मामंजी दुसरीकडे बघायचे. थोरला दीर असल्यामुळे ते तिच्याशी थेट बोलत नसत. सांगायचं ते आत्याबाईंकरवी सांगत, ती समोर उभी असली तरी.

अर्धं शेत तिच्या नवऱ्याच्या वाट्याचं होतं. मी घरात आल्या आल्या हे लक्षात ठेवलं, कारण कुणाचं काय आहे हे मला लक्षात ठेवायची सवय आहे.

आमच्या घरात बाहेर बसण्याचा नेम कडक होता. महिन्याचे चार दिवस पडवीच्या कोपऱ्यात कांबळं टाकून बसायचं. चुलीकडे जायचं नाही, रांजणाला शिवायचं नाही, पाणी वरून कुणी ओतेल तेवढंच प्यायचं. शेतात मात्र जायचं. निंदणीला विटाळ नसतो, तो फक्त चुलीला आणि रांजणाला असतो, हे मी तिथेच शिकले. पडवी रस्त्यावरून दिसायची. त्यामुळे कोण कधी बसलं आणि कोण नाही बसलं, हे सगळ्या गल्लीला कळायचं.

मी आले त्या वर्षी दसऱ्यापासून रतनकाकी बसली नाही. आश्विन गेला, कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. मी बोलले नाही, पण बघत होते. आत्याबाईही बघत होत्या. एक दिवस भाकरी थापता थापता त्या सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "रतन, तू तीन म्हयने बसली न्हाईस गं."

रतनकाकीने हातातला तांब्या खाली ठेवला. "व्हय का? ध्येनात न्हाई ऱ्हायलं," ती म्हणाली.

ही गोष्ट बाईच्या ध्यानात राहत नाही? मला तर ते उत्तर तिथेच खटकलं. आणि पुढच्याच आठवड्यात, पौषात, रतनकाकी कांबळं घेऊन पडवीत बसली. इतक्या वेळेवर, की मला ते आणखी खटकलं.

मग मी तिच्या मागेच लागले. जे जे दिसेल ते मनात साठवायचं आणि त्याचा अर्थ लावायचा. पौषातल्या थंडीत आम्ही गोधडीतून तोंड बाहेर काढत नव्हतो आणि ही पहाटे आडावर जाऊन डोक्यावरून गार पाणी घ्यायची. बसल्या जागी तिचा चेहरा लाल व्हायचा, मानेवरून घाम निथळायचा, आणि ती काम टाकून गोठ्याच्या दारात वाऱ्याला जाऊन उभी राहायची. मीठ दोनदा टाकायची. एकदा तर कालवडीला गोंजारता गोंजारता रडायला लागली. मी विचारलं, "काय झालं, काकी?" तर म्हणाली, "काय की." नंतर त्याच दिवशी माझ्यावर खेकसली, कडबा नीट रचला नाही म्हणून. मला वाटलं, हिच्या पोटात काहीतरी आहे. शब्दशः तसंच वाटलं.

संक्रांतीच्या आधी आत्याबाईंनी मामंजींचं एक जुनं धोतर माझ्याकडे दिलं. बाहेर बसताना लागणारी फडकी करायला. मी ते तीन वाट्यांत फाडलं. किनारीचा भाग आत्याबाईंना, मधला रतनकाकीला, विरलेला मला. सून म्हटल्यावर विरलेलंच यायचं.

संक्रांतीला मेहताबबी बांगड्या भरायला आली. मेहताबबी म्हणजे आमची मन्यारीण, किल्ल्याच्या बाजूच्या आळीत राहायची. तिचा नवरा जैनुद्दीन गावोगावच्या बाजारात बांगड्या विकत फिरायचा आणि ही गावातली घरं करायची. लढाईमुळे माल येत नव्हता, म्हणून तिच्या दुरडीत हिरव्या आणि लाल सोडून रंग नव्हते. माझा पहिलाच संक्रांतीचा चुडा. माझा हात कडक, बांगडी चढेना. रतनकाकी माझं कोपर धरून बसली. विधवा असल्यामुळे तिला स्वतःला बांगड्या नव्हत्या. मेहताबबीने मला बांगड्या चढवल्या आणि मग माझा हात सोडून रतनकाकीचा पंजा धरला. बराच वेळ धरून ठेवला.

"हात किती तापलाय," ती म्हणाली. "ये एकदा घरी."

रतनकाकीने हात काढून घेतला. पण बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी जेवणं आटोपल्यावर, ती मेहताबबीच्या घरी गेली. त्याच्या पुढच्या आठवड्यातही गेली. मग दर आठवड्याला. विधवा बाई मन्यारणीच्या घरी दर आठवड्याला कशाला जाते? जिला बांगडी घालायची नाही, तिचं तिथे काय काम?

माघ आला. रतनकाकी बाहेर बसली आणि योगायोगाने माझीही तीच वेळ आली. दोघी ओढ्यावर फडकी धुवायला गेलो. मी जरा वरच्या अंगाला बसले होते. तिने आपलं फडकं पाण्यात बुडवलं, दगडावर दोनदा आपटलं, पिळलं आणि उठली. तिच्या दगडाखालचं पाणी जसं होतं तसंच होतं. घरी आल्यावर गोठ्यामागच्या दोरीवर, जिथे पुरुषांची नजर जात नाही तिथे, ती फडकी वाळत घातली. संध्याकाळी मी एकटीच जाऊन तिची फडकी उलटी-पालटी करून बघितली. ज्या बाईने फडकं वापरलं, तिचा डाग कितीही धुतला तरी कुठेतरी पुसट राहतोच. हिची फडकी कोरी होती.

म्हणजे बाई बसते, पण नुसतीच बसते. गल्लीला दाखवायला. मी गल्लीतला एकेक पुरुष मनात घेऊन तपासला. सालगडी तपासला. टपाल आणणारा लंगडा शिपाईसुद्धा सोडला नाही. कुणावर काही बसेना, तरी माझं समाधान होईना.

आत्याबाईंना मी अजून काही बोलले नव्हते, पण एक दिवस त्यांनीच मला माजघरात बोलावलं. "रतन मन्यारणीकडं कशाला जाती, बघून ये," त्या म्हणाल्या. "तुजी बांगडी वाढवलीय म्हनून जा." मग त्यांनी माझ्या हातातली एक बांगडी स्वतःच उंबऱ्यावर टिचवली.

मेहताबबीच्या घराला मागच्या बाजूने बांबूची तट्टी होती. मी पुढच्या दाराने गेले नाही. कामच बघण्याचं होतं, तर बोलावून दाखवलेलं काय कामाचं? तट्टीच्या फटीतून मला आतलं दिसलं. मेहताबबी, भाजी विकणारी रंगुबाई माळीण आणि रतनकाकी. तिघींच्या डोक्यावर पदर नव्हता. रंगुबाई रिकामं सूप घेऊन वारा घालत होती. रतनकाकी चटईवर उताणी पडली होती, चोळीची गाठ सुटलेली, आणि मेहताबबी तिच्या पोटाला तेल लावून खालच्या दिशेने चोळत होती. खोलीत ओव्याचा वास होता. रतनकाकी डोळे मिटून कण्हत होती.

मी पुढे काय ऐकलं ते मला आज आठवतं, पण तेव्हा ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. रंगुबाई म्हणाली, "माजं तर पोट असं फुगायचं की मालक म्हनायचा, एवढं काय खाल्लंस." मेहताबबी म्हणाली, "मला झोपच न्हाई. कोंबड्याच्या आधी मीच उठून बसती." आणि तिघी हसल्या. रतनकाकी हसली, हे मी पहिल्यांदाच बघत होते. तीन बाया आपल्या जिवाचं एकमेकींना सांगत होत्या. मी ज्यासाठी गेले होते तेवढंच मला दिसलं: पोट, तेल आणि चोळणारा हात.

घरी येऊन मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. फडक्यांचंही सांगितलं. सांगताना मला बरं वाटत होतं, हे लपवून उपयोग नाही. नव्या सुनेचं घरात कोण ऐकतं? त्या दिवशी आत्याबाई माझ्या शब्दाशब्दाकडे कान लावून बसल्या होत्या. फडक्याची गोष्ट निघाली तेव्हा मात्र त्या एकदम म्हणाल्या, "फडकी कशाला बघत फिरतीस?" मग थांबून, "बघितलीस ते बरं केलंस," असंही म्हणाल्या.

त्यांनी मामंजींच्या कानावर घातलं. मामंजी ओरडले नाहीत. शांतपणे पान लावलं, खाल्लं, आणि सोनईला रतनकाकीच्या भावाला कागद लिहिला, येऊन बहिणीला घेऊन जा म्हणून. त्या शांतपणाचाही मला संशय आला. भावाच्या वाट्याचं शेत माझ्या डोळ्यांपुढून गेलं. पण तोवर आग मीच लावून बसले होते.

रतनकाकीला आत्याबाईंनी सांगितलं तेव्हा मी चुलीशी होते. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जाऊबाई, मला काय न्हाई. माजं विटाळाचं वय सरलंय. तुमाला भ्या वाटलं, म्हनून मी बसत हुते. मला नऊ म्हयने कोंडून ठेवा आन बघा."

आत्याबाईंनी मामंजींकडे बघितलं. मामंजी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तिला सांग, कोंडून ठिवलं आन पोट आलं न्हाई, तर लोक म्हनतील मन्यारणीनं पाडलं. मग काय करायचं?"

 बसली नाही तर पोटुशी, बसली तर लपवते, पोट आलं तर पाप, नाही आलं तर पाडलं. रतनकाकी उभी होती ती तशीच खाली बसली. माहेरी तिला कुणी घेणार नव्हतं, असा डाग घेऊन तर नाहीच. भाऊ वाटेत कुठे सोडून देईल, हे तिला ठाऊक होतं आणि आम्हालाही. मेहताबबीकडे जायचं बंद झालं. मेहताबबी एकदा दाराशी आली, तिला आत्याबाईंनी उंबऱ्यावरूनच परत लावलं. जाताना ती आत्याबाईंच्या घामेजलेल्या हातांकडे बघत होती, बांगड्यांकडे नाही.

चैत्रात भाऊ येणार असा निरोप आला. ज्या दिवशी यायचा होता त्या दिवशी आत्याबाई बाहेर बसल्या होत्या. तिसरा दिवस होता त्यांचा. सगळं काम माझ्यावर. सकाळी वावटळ उठली आणि गोठ्यामागची दोरी सुटली. मी धावत गेले. फडकी मातीत पडली होती, ती मी गोळा केली. किनारीचं धोतर. आत्याबाईंच्या वाट्याचं.

मी ते झटकलं. मग उन्हात धरलं. मग दुसरं धरलं, तिसरं धरलं. मीच फाडून दिलेलं धोतर, संक्रांतीपासून चौथी खेप, आणि एकाही फडक्यावर पुसटसुद्धा डाग नाही. रतनकाकीच्या फडक्यांसारखीच कोरी.

मी तिथेच शेणात बसले. मला सगळं एकदम दिसलं. आत्याबाईंचा नवरा जिवंत होता, म्हणून त्यांची फडकी बघायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. त्याही महिन्याच्या महिन्याला पडवीत नुसत्याच बसत होत्या. आणि का बसत होत्या तेही मला ठाऊक होतं, कारण ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. आसाराम नगरला गेल्यापासून मामंजी जेवताना म्हणायचे, "एकच पोरगा, आन हे लढाईचे दिवस. अजून एखादा पाहिजे हुता." आत्याबाई तेव्हा वाढता वाढता म्हणायच्या, "देव देईल की अजून." जोवर त्या पडवीत बसत होत्या तोवर देव देण्याची आशा होती. ज्या दिवशी बसणं थांबेल त्या दिवशी मामंजी दुसरी आणायला मोकळे होते. जामखेडकडच्या एका मुलीचं नाव घरात दोनदा निघून गेलं होतं.

दोन बाया एकाच पडवीत, एकाच कांबळ्यावर, एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत बसत होत्या. आणि त्यांची खरकटी काढत होते मी.

फडकी पदराखाली घेऊन मी पडवीत गेले. आत्याबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. मी म्हटलं, "आत्याबाई, तुमची फडकीबी कोरीच हायेत."

त्यांनी झटकन रस्त्याकडे बघितलं. "कुनाला बोललीस?"

"कुनाला न्हाई."

"बोललीस तर आसारामाला सांगून टाकून द्यायला लावीन तुला. माज्या घरात ऱ्हाऊन माजं बघतीस?"

"रतनकाकीचं बघायला तुमीच धाडलं हुतं."

त्यांनी पदराने कपाळ पुसलं. मग हळूच, मला कधी ऐकू न आलेल्या आवाजात म्हणाल्या, "तिला कुनी हाय का सवत आनाया? तिचं काय जातंय?"

"तिचं घर जातंय," मी म्हटलं. मला रडू आलं. "मी चुकले, आत्याबाई. मी जाऊन मामंजींना सांगते माजं चुकलं म्हनून."

"तुजं कोन ऐकतंय," त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

दुपारी भाऊ आला. गोरक्षनाथ त्याचं नाव. जामखेडपर्यंत मोटारीने आणि पुढे कुणाच्या तरी गाडीतून. धुळीने भरलेला, खाली मान घातलेला. बहिणीकडे त्याने एकदाही बघितलं नाही. मामंजी अंगणात बाजेवर बसले आणि त्याला जे सांगायचं ते आडवळणाने सांगितलं. रतनकाकी दाराशी बोचकं घेऊन उभी होती. त्यात दोन लुगडी, एक घोंगडी. गोठ्यात बैल हंबरला, तशी तिने मान वळवली, आणि तेवढ्यात तिचा चेहरा लाल होऊन घामाने डबडबला. गोरक्षनाथाने ते बघितलं. त्यालाही तो पुरावाच वाटला असणार.

"पाणी दे गं पाव्हण्याला," मामंजी मला म्हणाले. "मग निघू द्या."

मी उठायच्या आत पडवीतून आत्याबाई उठल्या. कांबळं ओलांडून अंगणात आल्या. मला वाटलं, त्या रतनकाकीला काहीतरी बोलणार. त्या सरळ घरात गेल्या. रांजणावरचं झाकण काढल्याचा आवाज आला. बाहेर बसलेली बाई रांजणाशी. मामंजी बाजेवरून ताडकन उठले.

आत्याबाई तांब्या भरून घेऊन बाहेर आल्या आणि तो त्यांनी गोरक्षनाथापुढे धरला.

"तू बसलीस न्हवं?" मामंजींचा आवाज चिरकला. "रांजण बाटवलास."

"रांजण काय बाटला न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. तांब्या अजून पुढेच धरलेला होता. "मला विटाळच न्हाई. वरीस झालं, बंद झालंय माजं. मी नुसतीच बसत हुते. रतनचंबी तसंच हाय. हिला दोष लावायचा तर मला आधी लावा, आन माजा तर नवरा हितं हुभा हाय."

 पुरुषांसमोर ही गोष्ट तोंडातून काढलेली बाई मी त्याआधी बघितली नव्हती, आणि नंतरही नाही. मामंजींना तिचं म्हणणं खोडता येईना, कारण खोडायचं तर काय विचारायचं? गोरक्षनाथाने तांब्या घेतला. घटाघट पाणी प्यायला. मग पहिल्यांदाच बहिणीकडे बघितलं आणि म्हणाला, "आक्का, ते बोचकं आत ठीव." तो त्याच दिवशी परत गेला.

रतनकाकी घरात राहिली. हे एवढ्यावर संपायला हवं होतं, पण संपलं नाही. मामंजी आत्याबाईंशी दोन महिने बोलले नाहीत. सांगायचं ते माझ्याकरवी सांगायचे, जसं आधी रतनकाकीला आत्याबाईंकरवी सांगत. ज्येष्ठात ते जामखेडला गेले आणि लग्न लावून आले. मुलगी माझ्याहून वर्षाने मोठी. आत्याबाईंनी तिला उंबऱ्यावर ओवाळलं, घरात घेतलं, आणि आपलं अंथरूण माजघरातून उचलून रतनकाकीच्या खोलीत नेलं. रतनकाकीने आपलं अंथरूण भिंतीकडे सरकवून जागा केली.

त्यानंतर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दोघी मिळून मेहताबबीकडे जायला लागल्या. मामंजींनी अडवलं नाही. त्यांना आता त्यात काही लपवण्यासारखं दिसत नव्हतं, की नव्या संसारापुढे लक्ष नव्हतं, कोण जाणे. दोघी परत येताना वाटेत बोलत यायच्या. घराच्या वळणावर आल्या की बोलणं थांबायचं.

पावसाळा सरता सरता एका दुपारी मी ताकाची कासंडी भरली आणि त्यांच्या मागे गेले. मला खरोखर काही बघायचं नव्हतं. आत्याबाईंना त्या दिवसांत उष्मा फार व्हायचा, दुपारी ताक प्यायलं की जरा बरं वाटायचं, आणि ते मन्यारणीच्या घरी कोण देणार, म्हणून गेले. मागच्या तट्टीकडे वळले नाही. पुढच्या दाराने गेले. आळीत शिरल्यापासून त्यांचं हसणं ऐकू येत होतं. रंगुबाईचं मोठं, आत्याबाईंचं दबलेलं, आणि मधे रतनकाकीचं, जे मी एकदाच ऐकलं होतं. रंगुबाई काहीतरी सांगत होती आणि बाकीच्या "आन मग? आन मग?" म्हणत होत्या.

मी उंबऱ्यात पाय टाकला आणि आवाज बंद झाला. आत्याबाईंनी मानेवरचं ओलं फडकं काढून मांडीखाली घातलं. रतनकाकीने पदर डोक्यावर घेतला. रंगुबाई हातातल्या सुपाकडे बघत बसली. चौघींपैकी एकटी मेहताबबी हसली, ती घरची बाई म्हणून. तिने ताक घेतलं, आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "कुनी धाडलं, बेटा?"

"कुनी न्हाई," मी म्हटलं. "माजी मीच आले."

चौघींनी मान डोलावली. आत्याबाई म्हणाल्या, "बरं. जा मग आता, गुरं सुटली असतील." मी निघाले. आळीच्या टोकाला येईपर्यंत आत कुणी बोललं नाही. मी खरं बोलले होते आणि चौघींपैकी एकीलाही ते खरं वाटलं नाही. त्यांच्या जागी मी असते, तर मलाही वाटलं नसतं.